लाकडांचं वाळवण

अन्याय माझ्या आईवर झाला. सन २०२०, ऑगस्ट महिना, मंगळवार, सकाळच्या चहात दूध घालायच्या आधी. ठिकाण: ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळ, डँडेनॉन्गमधलं आमचं भाड्याचं घर, इथल्या भर हिवाळ्यात. हत्यार: ईमेल.

(मी पत्रकं लिहिते. भाडेकरूंसाठी, स्वच्छ हवेसाठी, आणि कोणी वेळीच थांबवलं नाही तर कशासाठीही. अन्याय कोणावर झाला आणि कधी झाला, हे आम्ही पहिल्याच ओळीत सांगून टाकतो. दुसऱ्या ओळीपर्यंत वाचक टिकेल याचा काय भरवसा!)

ईमेल घरमालकाच्या एजंटबाईंचा होता. आमचा गॅसचा हीटर मेला होता आणि तो दुरुस्त करा म्हणून मी त्यांना मुद्देसूद, नम्र आणि धमकीवजा असं पत्र पाठवलं होतं. उत्तर आलं: "आपल्या घरात लाकडी हीटर उपलब्ध असल्यामुळे ही दुरुस्ती तातडीची मानता येत नाही. लॉकडाऊन उठल्यावर बघू. उबदार राहा!" मी उद्गारचिन्हांवर जगणारी मुलगी आहे, पण इतकं निर्लज्ज उद्गारचिन्ह मी आजवर पाहिलं नव्हतं.

आता हा 'उपलब्ध' लाकडी हीटर म्हणजे काय, तर बैठकीच्या खोलीतली एक काळी लोखंडी पेटी. चार बुटके पाय, पुढे काचेचं दार, मागून निघालेला एक पाइप थेट छतातून बाहेर. माझ्या जन्माच्या आधीची असावी. आम्ही तिला हीटर समजतच नव्हतो. आईबाबा फेब्रुवारीत जळगावहून दोन महिन्यांसाठी आले, मार्चमध्ये विमानं बंद झाली, तेव्हा "आता राहायचंच आहे तर देवांना नीट जागा हवी" म्हणून आईने त्या पेटीवर लाल कापड अंथरून देव मांडले होते.

"आई, देव हलवावे लागतील."

"का?"

"ते हीटरवर बसलेत."

रजईतून आईचा चष्मा बाहेर आला. "म्हणजे मार्चपासून मी हीटरला ओवाळतेय?"

"हो."

"आणि तरी तो प्रसन्न झाला नाही!" असं म्हणून चष्मा परत आत गेला.

हे तिचं त्या आठवड्यातलं सगळ्यात मोठं भाषण होतं, आणि माझी खरी काळजी तीच होती. माझी आई जळगावची. मे महिन्यात भर दुपारी गच्चीवर जाऊन कुरडया उलटणारी. लोखंडी कॉटला हात लावला तर चटका बसेल अशा गावात तिने साठ उन्हाळे काढले आणि एकदाही हूं की चूं केलं नाही. ती बाई जुलैपासून पलंगावरून उठेना. दोन स्वेटर, बाबांचे मोजे, मंकी कॅप, वर दोन रजया. आधी ती कुरकुरायची. आई कुरकुरते तोवर घर ठीक असतं. मग कुरकुर बंद झाली. चहा नेला की "ठेव." जेवायला बोलावलं की "नंतर." एकदा जळगावहून मावशीचा फोन आला तर म्हणाली, "झोपलेय सांग." आईने मावशीचा फोन टाळला! आणि तिला इकडे बोलावलं होतं कोणी? मी. "ये गं, इथली थंडी गुलाबी असते," असं कोण म्हणालं होतं? मीच.

तेव्हा पेटी पेटवायची, हे ठरलं. अडचण एकच होती. त्याच वर्षी लॉकडाऊनच्या आधी मी आमच्या गल्लीतल्या प्रत्येक लेटरबॉक्समध्ये स्वतःच्या हाताने एक पत्रक टाकलं होतं. "लाकडाचा धूर म्हणजे शेजाऱ्यावर हल्ला!" वर धुराड्याचं चित्र होतं, अगदी तोफेसारखं. उरलेले दोन खोके माझ्या पलंगाखाली होते. म्हणजे मी रोज माझ्या तत्त्वांवरच झोपत होते. पण आई शेजारच्या खोलीत गारठलेली असली की तत्त्वं जरा सरकून घेतात. मी ठरवलं, जाळायचं, पण शास्त्रशुद्ध. धूर काढायचाच नाही!

लाकूडवाल्याने मास्क लावून ड्राइव्हवेवर ढीग ओतला. "खडखडीत वाळलेलं आहे, मेट!" असं लांबूनच ओरडून तो गेला. त्याने खरंच उत्तम माल दिला होता, हे मला इथे नोंदवायचं आहे. पुढे जे झालं त्याला तो जबाबदार नाही.

बाबा खिडकीतून बघत होते. बाबा जळगावच्या पाणीपुरवठ्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. म्हणाले, "शलाका, तो खोकला का गं?"

"कोण?"

"लाकूडवाला. ओतताना मला खोकल्यासारखं वाटलं."

तो काळ आठवा. दुधाचे कॅन धुतले जायचे. कोथिंबीर जुडी सोडून काडी-काडी धुतली जायची. बाबांनी एकदा बँकेचं पत्र धुतलं होतं. अशा वातावरणात घरातल्या सर्वांत शिकलेल्या व्यक्तीने निर्णय घेतला. तो बाबांनी घेतला नाही, आईने घेतला नाही. मी घेतला. मी, पर्यावरणशास्त्राची पदवीधर!

"सगळी लाकडं धुवायची."

आणि धुतली! एकेक ओंडका भांड्यांच्या साबणाने घासला, वर होज मारला, आणि समाधान होईना म्हणून खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात रात्रभर बाथटबमध्ये बुडवून ठेवला. तळ्यात म्हशी डुंबाव्यात तशी आमची लाकडं टबात डुंबत होती. सालींमधून कोळी निघून भिंतीवर चढले. त्यांचीही अंघोळ झाली होती.

आई बाथरूमला जाताना दारात थांबली. "लाकूड धुतात का कोणी?"

"आई, कोविड आहे."

"मग पेटवल्यावर कोविड जळणार नाही का?"

प्रश्न इतका मूलभूत होता की मी त्याकडे दुर्लक्ष केलं.

शनिवारी अग्निप्रदीपन झालं. पेटवण म्हणून मी मोठ्या मनाने माझी पत्रकं आणली. चळवळीने आईसाठी काहीतरी त्याग करायला हवा! पण छापताना मी हट्टाने गुळगुळीत चकचकीत कागद निवडला होता. काडी लावली की पत्रक कडेला काळं व्हायचं, वळायचं आणि विझायचं. दुसरं. तिसरं. डझनभर. तोफेचं चित्र माझ्याकडे बघत राहायचं.

"पेटत नाही तुझं," बाबा म्हणाले.

माझ्या लिखाणावरची इतकी नेमकी टीका आजवर कुणी केली नव्हती.

शेवटी बाबांनी गॅरेजमधून फळांचा एक सुका खोका आणला आणि तोडून घातला. तो भडभड पेटला. "आता त्यावर ओंडके ठेव."

"बाबा, ते ओले आहेत."

"अगं, म्हण काय आहे? सुक्याबरोबर ओलंही जळतं!"

वाचकहो, मी म्हणींवर विश्वास ठेवणारी नाही. जुन्या म्हणींनी आपल्या समाजाचं काय केलंय यावर मी एक पत्रक लिहिलेलं आहे. पण थंडीत माणूस कशावरही विश्वास ठेवतो. मी ओंडके ठेवले. आधी सूं असा आवाज आला. मग ओंडक्यांच्या टोकांतून पाणी निघालं. मग फेस! पांढरा, भरघोस, लिंबाच्या वासाचा फेस!

"आत भांडीही टाका," दारातून आवाज आला. "निघतील घासून."

आई उठली होती. रजईसकट. दुसरं कोणी आपल्यासमोर चूल बिघडवतंय, हे तिला पलंगावर पडूनही सहन होईना. तिने येऊन काचेचं दार सताड उघडलं.

"हे बंद काय ठेवलंय? चुलीला वारा लागतो. फुंकणी कुठेय?"

"आई, ही चूल नाही."

"मग काय आहे? लाकूड घालतात, जाळ निघतो. चूलच आहे. कॉलेजात असताना मोर्चे काढलेस ना, चूल आणि मूल यातून बाईला सोडवा म्हणून? त्यासाठी इतक्या लांब ऑस्ट्रेलियाला आलीस ना? आता घे. फुंक!"

आणि तिने व्हॅक्युम क्लीनरचा पाइप काढून माझ्या हातात दिला.

मी फुंकलं. राख माझ्या तोंडावर आली. तेवढ्यात बाबांना पेटीवरच्या पाइपला एक मूठ दिसली. त्यांनी पाइपवर हात धरला आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. जळगावच्या प्रत्येक फुटलेल्या पाइपलाइनपाशी तो असाच व्हायचा. "अगं, इथे गळती आहे! सगळी उष्णता वर चाललीय." मूठ फिरवून त्यांनी ती पूर्ण बंद केली.

म्हणजे बघा. ओली लाकडं माझी. उघडं दार आईचं. बंद पाइप बाबांचा. तिघा तज्ज्ञांनी मिळून धुराचा घरात येण्याचा मार्ग मोकळा केला आणि जाण्याचा बंद केला.

आणि नेमकी त्याच वेळी आमच्या गटाची झूम मीटिंग होती. विषय, 'धूरमुक्त हिवाळा'. वक्ता, मी! दुसऱ्या खोलीत थंडीने दात वाजायचे थांबत नव्हते, म्हणून मी लॅपटॉप तिथेच उघडला. तोंडावरची राख पुसायची राहिली. मी म्हणाले, "मित्रांनो, आपल्या हवेवर कुणाचा हक्क आहे?" माझ्या मागून एक करडा ढग हळूहळू पुढे आला.

आमचा संयोजक मार्क खूश झाला. "मेट! काय बॅकग्राउंड आहे! कुठून डाउनलोड केलंस?"

"आपलं आपणच बनवलं," मी म्हणाले. (हे खोटं नव्हतं.)

मागून मंकी कॅप घातलेली एक आकृती हातात व्हॅक्युमचा पाइप घेऊन ढगातून बाहेर आली, "अहो, खिडक्या उघडा, मेलो की!" असं म्हणून पुन्हा ढगात गेली. मार्कने टाळ्या वाजवल्या. मग छतावरचा स्मोक अलार्म किंचाळायला लागला. मी लॅपटॉप बंद केला. आम्ही तिघंही अंगणात धावलो, खोकत, डोळे पुसत. (ज्या खोकल्याच्या भीतीने लाकडं धुतली, तोच!)

कुंपणापाशी शेजारच्या ग्लेंडाबाई उभ्या होत्या. सत्तरीच्या, फुलाफुलांचा मास्क लावलेल्या. आमच्या उघड्या खिडक्यांकडे बोट दाखवून त्या ओरडत होत्या, "डँपर! लव्ह, डँपर!"

बाबा ताबडतोब रस्त्याकडे धावले. जळगावात डंपर म्हणजे वाळूचा ट्रक, आणि कोणी असं ओरडलं तर रस्त्यातून बाजूला व्हायचं असतं. "कुठेय? कुठल्या बाजूने येतोय?"

मी इथे आठ वर्षं राहिलेली, मला जास्त कळतं. डँपर हा इथला निखाऱ्यात भाजायचा जाडजूड पाव, युनिव्हर्सिटीत असताना एकदा खाल्ला होता. बिचाऱ्या म्हातारीला वाटलं असेल, यांचा स्वयंपाक जळला! "नो वरीज, ग्लेंडा!" मी ओरडून सांगितलं. "आमचं जेवण झालंय!"

ग्लेंडाबाईंनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी हवेत एक उंच पाइप काढून दाखवला आणि त्याच्यावरची मूठ फिरवून दाखवली.

"व्हॉल्व्ह!" बाबा ओरडले. "मग सरळ व्हॉल्व्ह म्हणावं ना!" नाकाला रुमाल लावून ते आत गेले आणि मूठ उघडली. घरातला सगळा धूर धुराड्यातून एकदम बाहेर पडला, वर गेला, जरा विचार केला आणि ग्लेंडाबाईंच्या वाळत घातलेल्या चादरींवर उतरला.

मी माफी मागायला कुंपणापाशी गेले. त्या म्हणाल्या, "तुझं पत्रक मिळालं होतं, लव्ह. फ्रिजवर लावलंय. तोफेचं चित्र छान आहे."

मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. पण बाई प्रेमळ. म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नकोस. माझ्या नवऱ्यानेही मला वर्षानुवर्षं असंच धुरात ठेवलं. शेवटी एक काहीतरी काढून टाकायचं ठरवलं. शेगडी विकली, नवरा ठेवला. डँपर एवढा एकच शब्द माझ्या लक्षात आहे. बाकी मला विचारू नकोस."

बाबा पायरीवर बसले होते. म्हणाले, "सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणे! ओल्याबरोबर सुकंही विझतं." पाणीपुरवठ्यातल्या माणसाचा पाण्यावरचा विश्वास पहिल्यांदाच डळमळला होता.

आई मात्र आमच्याकडे बघतच नव्हती. कितीतरी दिवसांनी ती उन्हात उभी होती. ऊन म्हणजे आपलं मेलबर्नचं ऑगस्टातलं, कोमट चहासारखं. पण तिने तोंड वर करून ते बघितलं, मग बाथरूमच्या खिडकीकडे बघितलं, मग अंगणाकडे. एखादी बाई नवीन गच्ची बघते तसं.

"शलू, जुन्या चादरी आहेत?"

"आहेत. का?"

"आण. आणि टबातली लाकडं बाहेर काढा. वाळवण घालायचंय."

पुढचे दिवस आमच्या अंगणात ओंडक्यांचं वाळवण होतं. चादरींवर रांगेत, एकमेकांना न चिकटता, साल खाली आणि चिरलेली बाजू वर. दुपारी उलटायचे. ऊन सरकलं की चादरी सरकवायच्या. संध्याकाळी सगळं आत. मी आणि बाबा ओझी वाहायचो आणि आई मध्ये उभी राहून हुकूम सोडायची. "असा नाही, आडवा! कुरडई अशी टाकतात का?" पांढरे काकाकुवे लाकूड कुरतडायला यायचे. आईने मंकी कॅप वर सरकवून, व्हॅक्युमचा पाइप उगारून त्यांच्यावर "हाड! मेल्यांनो!" असं जे काही म्हटलं, त्याने त्यांची पुढची पिढीही शहाणी झाली असणार.

ग्लेंडाबाईंचं स्वयंपाकघर पश्चिमेला. पावसाचे ढग त्यांना आधी दिसायचे. खिडकीतून आईच्या नावाने त्यांच्या उच्चारात हाक यायची, "सुल्बा! रेन!" की आई ओरडायची, "अहो, उठा! पाऊस! वाळवण!" आणि आम्ही तिघं ओंडके कवटाळून धावायचो. इथे एका दिवसात चारही ऋतू होतात, त्यामुळे हे दिवसातून कितीदाही व्हायचं.

आणि एके दुपारी मी ऐकलं. पायरीवर बसून आई फोनवर बोलत होती, मोठ्याने, पूर्वीसारखी. "अगं नाही, पापड कसले! लाकडं. हो, ओंडके. तुझ्या भाचीने धुतले. साबणाने! हो, शिकलेलीच आहे ना, म्हणून तर. थांब, उलटून येते."

मावशीचा फोन होता. तो आईने स्वतः लावला होता. माझी बदनामी जळगावभर होत होती आणि मला इतका आनंद झाला होता की मी ती अडवली नाही.

लाकडं वाळली. एकावर एक आपटली की 'थप्' ऐवजी 'टण्' वाजायला लागली. आता तिघांनीही आपापली अक्कल बाजूला ठेवायची, असं ठरलं. एक गोष्ट करायची, परिणाम बघायचा, मगच दुसरी. पत्रकं बाद. ग्लेंडाबाईंकडून कुंपणावरून जुनी वर्तमानपत्रं आली. जाड ओंडके फोडून बारीक केले. तळाला थोडी राख राहू दिली, कारण ती झाडून काढली की निखारे टिकत नाहीत हे एकदा फजिती होऊन कळलं होतं. डँपर पूर्ण उघडा. जाळ चांगला धरला की काचेचं दार बंद. बाकी खोल्यांची दारं लावून फटींत आईच्या जुन्या साड्यांच्या गुंडाळ्या. घर तापवायचं नाही, एक खोली तापवायची. आणि डँपर बंद कधीच नाही. जाळ स्थिरावला की थोडा कमी, बस्स.

किती कमी? त्यासाठी बाबांना अंगणात उभं केलं. ते धुराड्याकडे बघून आत ओरडायचे.

"पांढरा आहे! दाट!"

मी मूठ जरा उघडायची.

"कमी झाला! अजून!"

अजून जरा.

"आता काहीच दिसत नाही! विझली का गं?"

विझली नव्हती. आत जाळ सोन्यासारखा पिवळा, शांत, काचेवर काजळी नाही. धूर दिसेनासा होतो तेव्हाच लाकूड खरं जळत असतं! मी थक्क झाले. आमच्या चळवळीत नेमकं उलटं असतं.

आई पेटीसमोर खुर्ची घेऊन बसली होती. आधी तिने पायातले बाबांचे मोजे काढले. मग एक स्वेटर. मग दुसरा. मग मंकी कॅप, जिच्याखाली तिला केस आहेत हे मी विसरले होते. मी श्वास रोखून बघत होते. मग ती पदराने वारा घेत म्हणाली, "शलू, ती खिडकी उघड गं जरा. उकडतंय बाई!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि खोलीत धुराचा मागमूस नव्हता. बाहेर बाबा ओरडत होते, "अरे, विझली का? सांगा कोणीतरी!" त्यांना आत बोलवायचं आम्ही साफ विसरलो.

गॅसचा हीटर अखेर दुरुस्त झाला. नोव्हेंबरात, अंगाची लाही होत असताना. मेकॅनिकने तो चालतोय हे दाखवायला चालवूनही दाखवला. एजंटबाईंचा ईमेल आला: "उबदार राहा!" याचा मी निषेध करते. देव परत पेटीवर गेले. आईबाबा जमेल तेव्हा, मिळेल त्या विमानाने जळगावला गेले. मावशी सांगते, गच्चीवर कुरडया घालताना आई अजून काकाकुवे शोधते.

तर वाचकहो, आता मागणी. तुमच्या घरी लाकडाची शेगडी असेल तर हे वाचून झाल्यावर गप्प बसू नका. आत्ता बाहेर जा आणि स्वतःच्या धुराड्याकडे बघा. धूर दिसतोय? मग लाकूड वाळवा, हवा उघडा, आणि काहीही झालं तरी ते धुऊ नका! आणि ज्यांच्या लेटरबॉक्समध्ये मी ते चकचकीत पत्रक टाकलं होतं, त्यांनी ते परत करा. नवीन आवृत्ती निघाली आहे, साध्या खरबरीत कागदावर. ती घ्या, वाचा. पटलं तर पाळा. नाही पटलं तर पेटवा. या वेळी पेटतं, मी करून बघितलंय.